ऐकल्याची पोंच

श्रोतेहो, मी येथें बोलत आहें; पण आपण ऐकत आहां कीं नाहीं, हें कळण्यास मला मार्ग नाहीं. शाळेंत ही अडचण नव्हती. कोणता मुलगा लक्ष देतो आणि कोणता जांभई आवरतो, तें तत्काळ दिसे. अंतराळांत शब्द सोडणारा मात्र पोंच येईपर्यंत अंधारांतच असतो. बिनतारी यंत्राचा छंद लागलेल्या हौशी मंडळींनीं या अंधारांतून वाट कशी काढली, तो इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९१२ सालीं अमेरिकेंत बिनतारी संदेशांविषयीं कायदा झाला व हौशी मंडळींच्या वांट्यास दोनशें मीटर आणि त्याहून आंखूड लहरी आल्या. लांब पल्ल्यास त्या निरुपयोगी, अशी तेव्हांची समजूत. १९१४ मध्यें हिराम पर्सी मॅक्सिम यांनीं हार्टफर्ड येथें या मंडळींचा संघ स्थापिला. एकानें धाडलेला संदेश दुसऱ्यानें घ्यावा व तिसऱ्यास द्यावा, असा या संघाचा क्रम होता.

पुढें प्रश्न निघाला कीं, आपला आवाज अटलांटिक ओलांडील काय? फेब्रुवारी १९२१ मधील पहिला प्रयत्न फसला. मग डिसेंबरांत संघानें पॉल गॉडली या आपल्या निष्णात गृहस्थास स्कॉटलंडला धाडलें. आर्ड्रॉसन गांवाजवळ, समुद्रकिनाऱ्यालगत, ऐन हिवाळ्यांत तंबू ठोकून हे गृहस्थ रात्र रात्र कानाला यंत्र लावून बसले. पलीकडे कनेक्टिकट प्रांतांत ग्रेनिच येथें पुढें कीर्तिमान् झालेले एड्विन आर्मस्ट्राँग व त्यांचे स्नेही '१ बी. सी. जी.' या केंद्रावरून संदेश सोडीत होते. आपला आवाज पोंचला कीं समुद्रांत बुडाला, हें उलट निरोप येईतों त्यांस कळणार नव्हतें. निरोप आला: ऐकूं आलें! नोव्हेंबर १९२३ मध्यें हार्टफर्डचे फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील नीस शहरचे लेऑन दलॉय यांचें सुमारें शंभर मीटर लहरींवर समुद्रापार प्रत्यक्ष संभाषण झालें. निरुपयोगी मानलेल्या लहरींचें मोल असें एकमेकांच्या पोंचेनेंच सिद्ध झालें.

ही पोंच पोस्टकार्डानें धाडण्याचा प्रघात याच मंडळींत रूढ झाला. तारायंत्राच्या परिभाषेंत 'क्यू. एस्. एल्.' म्हणजे 'पोंच देतों'. कार्डासहि तेंच नांव पडलें. त्यावर केंद्राचें सांकेतिक नांव, तारीख, वेळ, लहरींचें माप आणि आवाज कसा आला याचा अभिप्राय. हौशी लोकांच्या खोल्यांच्या भिंती या कार्डांनीं भरून जात. केवळ ऐकणारे शौकीनहि ध्वनिक्षेपण केंद्रांस असे अभिप्राय कळवीत. आपल्या आकाशवाणीनेंहि अशा श्रोत्यांस कार्डें पाठविलीं आहेत. आतां कार्डाचें काम पुष्कळसें संगणकांतील नोंदीनें होतें.

परंतु 'बरें ऐकूं आलें' एवढ्यानें यंत्र सुधारत नाहीं. म्हणून १९३४ मध्यें आर्थर ब्राटन यांनीं तीन आंकड्यांचा अभिप्राय सुचविला. पहिला आंकडा स्पष्टतेचा, पांचापैकीं. दुसरा जोराचा व तिसरा स्वराच्या शुद्धतेचा, हे नवापैकीं. ५९९ म्हणजे सर्वोत्तम. ३३९ आले, तर स्वर शुद्ध, पण आवाज क्षीण व कष्टानें समजणारा. असा अभिप्राय मिळालेला मनुष्य छपरावर चढतो, एरियल तपासतो, आणि सुधारतो.

पुढें मात्र स्पर्धा आल्या, घाई आली, आणि जो तो समोरच्यास ५९९ देऊं लागला. 'आपलें नांव पुन्हां सांगा' असें तीनदां विचारणाराहि शेवटीं ५९९ च देतो! सभ्यतेनें सत्य गिळलें. यास हंसण्याचा मला अधिकार नाहीं. निबंधांच्या वह्या तपासतांना मींहि थकून सरसकट 'छान' असा शेरा लिहीत असें. एक विद्यार्थी मराठींत नापास झाला आणि वही घेऊन माझ्याकडे आला. 'गुरुजी, आपण तर प्रत्येक पानावर छान लिहिलें आहे,' एवढेंच तो म्हणाला. मजपाशीं उत्तर नव्हतें. त्याच्या छपरावर चढण्याची वेळ मींच टाळली होती.

तें उत्तर मला पुढें या हौशी मंडळींच्या रीतींत सांपडलें. संभाषण संपवितांना ते '७३' असा आंकडा धाडतात. जुन्या तारमास्तरांकडून आलेल्या या खुणेचा अर्थ 'सप्रेम शुभेच्छा.' म्हणजे प्रेमासाठीं त्यांनीं निराळी जागा राखून ठेवली होती. तें अभिप्रायांत मिसळण्याचें कारणच नव्हतें. त्या मुलाच्या वहींत मीं ३३९ लिहून खालीं ७३ लिहावयास हवे होते.

श्रोतेहो, या भाषणाची पोंच आपण पत्रानें दिलीत, तर आंकडा खरा द्यावा. माझ्याकडून आपणां सर्वांस ७३.