मानक नगर ते वाशिष्ठी : एकेका धोक्यातून शिकलेल्या रेल्वेचा इतिहास

लखनऊमधील मानक नगर हे नाव प्रवाशांना फारसे ठाऊक नसते. पण त्यांच्या प्रवासाच्या सुरक्षिततेचे बरेचसे निकष तेथेच ठरतात. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संस्था, म्हणजे ‘आरडीएसओ’, तेथे आहे. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ साली सुरू झालेले रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांच्या विलीनीकरणातून १९५७ मध्ये ती आकाराला आली. पूल, रूळ, डबे, सिग्नल या सर्वांची मानके ती निश्चित करते.

संस्थेच्या जन्माआधीचे वर्ष रेल्वेच्या इतिहासात काळे ठरले होते. २ सप्टेंबर १९५६ रोजी महबूबनगरजवळ आणि २३ नोव्हेंबर रोजी तमिळनाडूतील अरियलूरजवळ पुराने खचलेल्या पुलांवरून गाड्या कोसळल्या. दोन्ही ठिकाणी शंभरावर माणसे दगावली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी दिलेला राजीनामा सर्वांच्या स्मरणात आहे. मात्र त्यामागचा अभियांत्रिकी प्रश्न तितकासा स्मरणात राहिला नाही : पुलाखालून जास्तीत जास्त किती पाणी जाईल, हे आपण ठरवतो तरी कसे?

तोवर हे काम मुख्यतः अनुभवजन्य सूत्रांवर चालत असे. उत्तरेत डिकन्सचे, दक्षिणेत राइव्हचे, तर मुंबई इलाख्यात इंग्लिस यांचे सूत्र वापरले जाई. या सूत्रांत नदीच्या पाणलोटाचे क्षेत्रफळ घातले की महत्तम विसर्ग मिळे. पाऊस किती तीव्रतेने पडतो, खोऱ्याचा उतार किती, पाणी पुलापर्यंत किती वेळात पोहोचते, यांना त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. १९५७ मध्ये डॉ. अ. ना. खोसला यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ही पद्धत बदलण्याची शिफारस केली. देशाचे ७ विभाग आणि २६ जल-हवामान उपविभाग पाडण्यात आले. केंद्रीय जल आयोग, हवामान विभाग, रस्ते वाहतूक खाते आणि आरडीएसओ यांनी मिळून प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेले पूर-अंदाज तयार केले. पन्नास वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर हा रेल्वे पुलांच्या रचनेचा सर्वसाधारण पाया झाला.

एका धोक्याचे उत्तर मिळाले, पण धोके रांगेत उभे राहून आपली पाळी येण्याची वाट पाहत नाहीत.

२ ऑगस्ट १९९९ रोजी गैसल येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर कोकण रेल्वेने टक्करविरोधी यंत्रणा विकसित केली. पुढे आरडीएसओने देशी उद्योगांच्या साहाय्याने ‘कवच’ घडवले आणि २०२० मध्ये त्याचा राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकार झाला. दरम्यान, ज्या कोकण रेल्वेने टक्कर टाळण्याचा ध्यास घेतला होता, तिच्याच मार्गावर २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळली. रुळांवर आलेल्या दगडमातीमुळे गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच पावसाळ्यात, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्स्प्रेसवरही रुळांवरच्या दगडामुळे तोच प्रसंग ओढवला. समोर दुसरी गाडीच नसेल, तर टक्करविरोधी यंत्रणा काय करणार?

२ जून २०२३ च्या बालासोर दुर्घटनेने हाच धडा उलट्या बाजूने दिला. चौकशीत सिग्नलच्या मंडलातील जोडणीची चूक पुढे आली. सांधे लूप लाइनकडे वळलेले असताना चालकाला मात्र मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल दिसत होता. सिग्नलवर विश्वास ठेवणारे कोणतेही उपकरण अशा वेळी त्याच चुकीवर विश्वास ठेवते.

येथे ‘सर्व-धोके दृष्टिकोन’ म्हणजे काय हे समजून घ्यायला हवे. अमेरिकेत अणुयुद्धासाठी एक, पुरासाठी दुसरे, वादळासाठी तिसरे अशी खाती होती. १९७९ मध्ये त्यांतील अनेकांचे एकत्रीकरण होऊन ‘फेमा’ ही संस्था निर्माण झाली आणि या विचाराला प्रशासकीय रूप आले. भारतात १९९९ मध्ये नेमलेल्या उच्चाधिकार समितीने ३१ प्रकारच्या आपत्तींची पाच गटांत मांडणी केली. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. परंतु या दृष्टिकोनाचे मर्म लांबलचक यादीत नाही. कारण कोणतेही असो, कोणती सेवा थांबता कामा नये, थांबलीच तर ती सुरक्षितपणे कशी थांबेल आणि पुन्हा किती लवकर उभी राहील, हा त्याचा मूळ प्रश्न आहे.

कोकण रेल्वेने पुढे जे केले, ते या प्रश्नाच्या जवळ जाते. दरडप्रवण कटिंगमध्ये जाळ्या आणि रात्रंदिवस गस्त, स्थानकांवर पर्जन्यमापक, पानवलच्या उंच पुलावर व मांडवी, झुआरी, शरावतीवरील पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे, काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांवर पूर-इशारा यंत्रणा, पावसाळ्याचे स्वतंत्र वेळापत्रक आणि मुसळधार पावसात दिसेनासे झाल्यास ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा. धोके निरनिराळे आहेत; पण खबर मिळणे, ती वेळेत पोहोचणे आणि गाडी थांबवण्याचा अधिकार जागेवर असणे, ही साखळी एकच आहे.

२२ जुलै २०२१ रोजी या साखळीची परीक्षा झाली. चिपळूण आणि कामथे यांच्या दरम्यान वाशिष्ठीच्या पाण्याने पुलावरील धोक्याची पातळी ओलांडली. वाहतूक थांबवण्यात आली, गाड्या ठिकठिकाणच्या स्थानकांत रोखून धरल्या गेल्या. हजारो प्रवासी तासन्‌तास खोळंबले, वैतागले. पण एकही गाडी पुरात सापडली नाही. १९५६ ची आठवण ठेवली, तर या खोळंब्याचे मोल कळते.

त्याच पुरात चिपळूणमधील एका कोविड रुग्णालयाचा वीजपुरवठा तुटला आणि तेथील रुग्ण मृत्युमुखी पडले. नदी तीच, पाऊसही तोच. रेल्वेकडे मोजणी होती, नियम होता, थांबण्याची मुभा होती. रुग्णालयाला थांबता येत नाही; त्याला वीज लागते, विजेला उपकेंद्र लागते, जनित्राला डिझेल लागते आणि डिझेल आणायला रस्ता लागतो. एका शहराच्या या जीवनवाहिन्या कागदावर वेगवेगळ्या खात्यांच्या असतात; पुराच्या पाण्याला त्या हद्दी ठाऊक नसतात.

मानक नगराचा इतिहास सांगतो की दुर्घटनेतून मानक जन्मते आणि मानकामुळे पुढची तशीच दुर्घटना टळते. यातील ‘तशीच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पन्नास वर्षांचा पूर भूतकाळातील पावसावरून काढलेला असतो आणि पाऊस आता आपली जुनी आकडेवारी पाळेनासा झाला आहे. रेल्वेने पुलासाठी मानक तयार केले. पूल, उपकेंद्र, रुग्णालय आणि दूरध्वनीचा मनोरा एकाच रात्री पाण्याखाली गेले तर काय, याचे मानक लिहिणे हे पुढच्या पिढीतील अभियंत्यांचे काम आहे.

#विज्ञान_इतिहास #भारतीय_रेल्वे #आपत्ती_व्यवस्थापन