रूज नदीकाठचा मोटारवाला



मोटार पाहिली नाही असा माणूस आता आडगावातही सापडायचा नाही. पण ती जिथे तयार होते तिथल्या नदीचे काय होते, तिथल्या कामगाराच्या घरी काय शिजते, ही चौकशी आपण सहसा करीत नाही. ती आज करू या. सगळ्या जगाचे कारखाने पालथे घालायला वेळ नाही. म्हणून एकच कारखानदार घेऊ आणि एकच नदी. कारखानदार म्हणजे हेन्री फोर्ड आणि त्याच्यामागे चालत आलेली त्याची कंपनी. नदी म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली रूज.

हा फोर्ड शेतकऱ्याचा मुलगा, बरे का! १८६३ साली डिअरबॉर्नजवळच्या शेतावर जन्मला. शेतीतले कष्ट त्याला नकोसे होते, पण माती काही त्याच्या डोक्यातून गेली नाही. १९०३ मध्ये त्याने कंपनी काढली, १९०८ मध्ये साधी, दणकट ‘मॉडेल टी’ मोटार बाजारात आणली आणि १९१३ मध्ये कारखान्यात चालता पट्टा बसवला. म्हणजे असे, की कामगाराने जागचे हलायचे नाही. मोटारच त्याच्यापुढे सरकत यायची. सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले.

काम झटपट झाले खरे, पण माणूस टिकेना. दिवसभर तोच एक नट पिळायचा, मान वर करायची नाही. लोक चार दिवस येत आणि निघून जात. चौदा हजारांच्या आसपास कामगार कायम राहावेत म्हणून १९१३ या एका वर्षात बावन्न हजारांवर माणसे भरावी लागली! तेव्हा ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने जाहीर केले, की नऊ तासांऐवजी आठ तास काम आणि दिवसाला पाच डॉलर. आधी अडीच डॉलरसुद्धा पुरते मिळत नव्हते. आठवड्याच्या आत कारखान्याच्या दारात हजारोंची झुंबड उडाली. मिशिगनच्या त्या गोठवणाऱ्या थंडीत गर्दीवर पाण्याचे फवारे मारून लोकांना हटवावे लागले.

वर्तमानपत्रांनी फोर्डला डोक्यावर घेतले. पण त्या पाच डॉलरांतली बारीक अक्षरे वाचायला हवीत. त्यांतला निम्मा भाग ‘नफ्याचा वाटा’ म्हणून होता आणि तो मिळायला कामगार ‘लायक’ ठरावा लागे. लायकी ठरवायला कंपनीने समाजशास्त्र खाते म्हणून एक खातेच उघडले. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे शिल्लक टाकतो का, बायकोपोरांना नीट वागवतो का, घरात भाडोत्री ठेवले आहेत का, सगळे टिपून घेत. बहुतेक बायकांना तर हा वाटा सुरुवातीला नव्हताच. परदेशातून आलेल्या कामगारांसाठी इंग्रजीची शाळा काढली, ती मात्र चांगली चालली. पण विचार करा, आपल्या स्वयंपाकघरात कारखान्याचा माणूस वही घेऊन उभा राहिला तर कसे वाटेल? पोटाला मिळत होते म्हणून लोकांनी सोसले. पुढे महागाई वाढली, पाच डॉलरांचे मोल उतरले आणि १९२१ च्या सुमारास ते खाते गुंडाळले गेले. ज्याच्या इच्छेने आले होते, त्याच्याच इच्छेने गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

आता काटकसरीकडे वळू. वाया जाणे फोर्डला खपत नसे. मॉडेल टीला लाकूड पुष्कळ लागे. त्यासाठी मिशिगनच्या उत्तरेला, आयर्न माउंटन गावाजवळ त्याने लाकूड कापण्याची गिरणी घातली. तिथे भुसा आणि ढलप्यांचे डोंगर साचू लागले. आपल्याकडे उसाचे चिपाड साखर कारखान्याच्या भट्टीत जाते; फोर्डने ढलप्यांचा कोळसा करून, त्याच्या वड्या पाडून, त्या आपल्याच मोटारींच्या दुकानांतून विकल्या. त्याला पर्यावरणाची कळकळ होती असे मी म्हणणार नाही. पैचा हिशेब होता, आणि त्यातून जंगलाचा माल थोडा सार्थकी लागला, इतकेच.

खेड्यातल्या मंडळींना आवडेल असा त्याचा उद्योग पुढचा. १९२० पासून त्याने रूज आणि आसपासच्या लहान नद्यांच्या काठी, कित्येक ठिकाणी जुन्या पाणचक्क्यांच्या जागी, वीसएक छोटे कारखाने काढले. नॉर्थव्हिलला इंजिनाचे व्हॉल्व्ह, दुसरीकडे दिवे, तिसरीकडे किरकोळ भाग. ताकद बरीचशी वाहत्या पाण्याची. फीनिक्स नावाच्या कारखान्यात बहुतेक सगळ्या बायाच कामाला होत्या. शेतकऱ्याने हंगामात शेत करावे, एरवी कारखान्यात यावे, गाव सोडून शहराच्या चाळीत कोंडून घेऊ नये, ही कल्पना. सोयाबीनवरही त्याचे फार प्रेम. तिच्यापासून रंग, मोटारीची बटणे-मुठी असले भाग त्याच्या प्रयोगशाळेने बनवले आणि १९४१ मध्ये वनस्पतिजन्य प्लॅस्टिकच्या पत्र्यांची एक मोटारही लोकांना दाखवली. ‘एक होता कार्व्हर’ हे वीणा गवाणकरांचे पुस्तक गुरुजींनी वर्गात वाचून दाखवले असेल. त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचा आणि फोर्डचा स्नेह जमला तो याच मातीच्या वेडातून.

गांधीजींचेही या माणसाशी एक नाते आहे. १९४१ मध्ये फोर्डने त्यांना आदराचे पत्र लिहिले. गांधीजींनी उलट भेट म्हणून आपली सही असलेला चरखा पाठवला. जगात सर्वांत जास्त यंत्रे फिरवणाऱ्याला चरखा! पण खेड्याला धंदा हवा, हे दोघांनाही वाटत होते. फरक मोठा होता तो असा: वर्ध्याचा ग्रामोद्योग गावकऱ्याच्या हातात राहावा अशी धडपड होती, आणि रूजकाठच्या छोट्या कारखान्यांची किल्ली एकाच माणसाच्या खिशात. १९४७ मध्ये फोर्ड वारला. वारसांनी हिशेब पाहिला, छोटे कारखाने परवडेनात, एकेक करून बंद झाले. गावांना कोणी विचारले नाही.

ब्राझीलच्या जंगलातला प्रकार तर शहाण्याने वाचून ठेवावा असा. टायरसाठी स्वतःचे रबर हवे म्हणून १९२७-२८ मध्ये त्याने तापाजोस नदीकाठी मोठी जमीन घेऊन ‘फोर्डलँडिया’ वसवले. झाडे दाट, ओळीने लावली. जंगलात रबराचे झाड विखुरलेले असते, म्हणून रोग एकावरून दुसऱ्यावर सहजी जात नाही. इथे पानांवरचा करपा बागच्या बाग खाऊन गेला. मजुरांनाही अमेरिकी जेवण, अमेरिकी घरे, अमेरिकी शिस्त. १९३० मध्ये त्यांनी दंगा केला तो जेवणाच्या जागेवरूनच पेटला. १९४५ मध्ये कंपनीने सगळे ब्राझील सरकारला कवडीमोलाने परत देऊन टाकले. जमिनीला न विचारता पेरले आणि माणसांना न विचारता वाढले.

इकडे रूजच्या काठी, छोट्या गिरण्यांच्या खालच्या अंगाला, अजस्र कारखाना उभा होता. लोखंडाची माती एका टोकाला आत जायची, मोटार दुसऱ्या टोकाने बाहेर. एक लाखाच्या वर माणसे तिथे राबली. मंदीच्या दिवसांत, ७ मार्च १९३२ रोजी, काम मागत बेकार लोक मोर्चाने दारावर आले. पोलीस आणि कंपनीचे रक्षक यांनी गोळ्या घातल्या. चार जण तेव्हा मेले, पाचवा पुढे. पाच डॉलर देणारा तो हाच मालक. (ज्यू लोकांविरुद्ध विषारी मजकूर छापणारे साप्ताहिक त्याने विसाच्या दशकात चालवले होते, हेही लपवण्यात अर्थ नाही.) १९३७ मध्ये पत्रके वाटायला आलेल्या संघटनेच्या पुढाऱ्यांना कंपनीच्या माणसांनी पुलावर बडवले. अखेर १९४१ मध्ये मोठा संप झाला आणि फोर्डने मोटार कामगारांच्या संघटनेशी करार केला. तेव्हापासून पगार, रजा, तक्रार यांचा कागद झाला. आता मालकाची मर्जी फिरली म्हणून ते एका रात्रीत नाहीसे होणार नव्हते.

नदीचा मात्र करार कोण करणार? तिला संघटना नाही. काठच्या कारखान्यांचे तेल, आम्ल, मळी आणि शहरांचे सांडपाणी ती गिळत राहिली. ९ ऑक्टोबर १९६९ रोजी रूज पेटली. होय, नदी पेटली! पाण्यावर तेलाचा थर होता, त्याला ठिणगी लागली. त्याच वर्षी क्लीव्हलँडची कायाहोगा नदीही पेटली होती. लोक खवळले आणि १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कडक कायदा झाला. धुराचा कायदा त्याआधी, १९७० मध्ये आला; तो मोटार कंपन्यांना मुळीच रुचला नव्हता. पण आज मोटारीच्या धुरात पूर्वीपेक्षा विष कमी आहे ते त्यामुळेच.

१९९९ मध्ये हेन्रीचा पणतू बिल फोर्ड कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी रूजच्या वीजघरात स्फोट होऊन सहा कामगार गेले. बिल हा निसर्गप्रेमी माणूस. आपल्या मोठ्या गाड्या जास्त इंधन पितात, जास्त धूर सोडतात, असे कंपनीने २००० च्या अहवालात स्वतःच छापले. हे धैर्य मानलेच पाहिजे. त्या गाड्यांचा इंधनखर्च २००५ पर्यंत पंचवीस टक्क्यांनी सुधारू, असा शब्दही त्याच वर्षी दिला. २००३ मध्ये तो मागे घेतला.

त्याच २००३ मध्ये पुरे झालेले दुसरे काम मात्र उभे आहे. रूजच्या नव्या ट्रक कारखान्याच्या छपरावर दहा एकरांहून जास्त जागेत सेडम नावाची रोपे लावली आहेत; आपल्या पानफुटीच्या कुळातली, जाड पानांची, थोड्या पाण्यावर जगणारी. पाऊस छपरावर मुरतो, उरलेले पाणी सच्छिद्र फरशीतून आणि चरांतून संथ गाळत नदीकडे जाते. नदीत किती आणि कसले पाणी सोडायचे याचा कायदा डोक्यावर होताच. पाइप आणि टाक्या बांधण्यापेक्षा रोपे स्वस्त पडली. २००८ च्या एका गाडीच्या बैठकीत म्हाताऱ्या हेन्रीची सोयाबीनही परत आली, गादीच्या फेसात.

आणि त्या छोट्या पाणचक्क्या? काही पडल्या, काही विकल्या गेल्या. ननकिन नावाच्या गिरणीत फोर्डचे कामगार बारीक नक्षीची कामे करीत. ती आज जिल्ह्याच्या उद्यान खात्याकडे आहे. तिथे लोकांना आता रूज नदीची आणि तिच्या काठच्या झाडाझुडपांची ओळख करून देतात.