बर्फाखालची सीमा

जलविभाजक ही नैसर्गिक सीमा असते, असे आपण भूगोलाच्या तासाला शिकवतो. डोंगराच्या धारेवर पडलेले पाणी दोन बाजूंना वाहून जाते. ती धार म्हणजे सीमा. पण धारच बर्फाखाली असेल तर?

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली सँ-जर्मेंच्या तहाने आल्प्समधील टिरोल प्रांताची वाटणी झाली. उत्तरेला इन नदीचे खोरे ऑस्ट्रियाकडे, दक्षिणेला अडिजे नदीचे खोरे इटलीकडे. सिमिलाउन शिखराजवळच्या टिसेनयोख खिंडीत मात्र हिमनदी पसरलेली होती. तिच्याखाली पाणी कुठे विभागते हे ठरवणे अवघड होते. सीमारेषा आखली गेली, पण ती खऱ्या जलविभाजकाच्या उत्तरेला सरकली.

ही चूक कळली ती एका मृतदेहामुळे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी सुमारे ३२१० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फात तो सापडला. हा कुणी अलीकडचा गिर्यारोहक असावा, असे आधी वाटले. ऑस्ट्रियाने तो इन्सब्रुकला नेला. तपासणीत तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा निघाला! मग सीमेची मोजणी झाली. जागा इटलीत ९२.५६ मीटर आत भरली. तिथले पाणी मात्र ऑस्ट्रियाकडे उतरते.

पाण्याचा कौल एक, कागदाचा दुसरा. कागदच मानला गेला. हा ‘ओत्झी’ १९९८पासून इटलीतील बोल्झानोच्या संग्रहालयात आहे.

वर्गात वाळूचा ढीग करून त्यावर कापूस पसरू आणि मुलांना विचारू : आता धार कुठे आहे?