परळचं तूप आणि सोळा-एस

प्लेगचा जंतू ओळखायला मुंबईत एके काळी तूप लागे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी साथ हेरली, पुढच्याच महिन्यात जंतुशास्त्रज्ञ हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. मांसाच्या अर्कावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवत. जंतू त्या थेंबांना खालून धरत आणि वाढ झुंबरासारखी अर्कात लोंबू लागे. चंबू जरा हलला की तुटून तळाशी. असं लोंबलं तर प्लेग, ही त्यांची खूण. १८९९मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

पण रंगरूपावरून ओळखायचं, तर जंतू आधी वाढायला हवा. रोग्याला प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या दिल्या की तो वाढायलाच कुरकुर करतो.

१९९४मध्ये हेच नडलं. ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचा प्लेग, सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसांचा. लोक गाड्या भरभरून पळाले, आणि तज्ज्ञ मात्र हा प्लेगच का, यावर भांडत राहिले.

तोवर जंतू ओळखायची दुसरी वाट तयार होती. जीवशास्त्रज्ञ कार्ल वोस यांनी जिवाणूंची वंशावळ रायबोसोमच्या आरएनएवरून मांडायला घेतली होती. १९७७मध्ये त्यातून जीवांची एक नवीच शाखा निघाली. या आरएनएचं सोळा-एस जनुक साधारण दीड हजार अक्षरांचं. त्याचे काही तुकडे सगळ्या जिवाणूंत जवळपास सारखे, मधले जातीजातीला वेगळे. ते वाचायला आधी जंतूच्या पेशी फोडायच्या, प्रथिनं काढून टाकायची, थंड अल्कोहोल घालायचं. डीएनए भरपूर असेल तर पांढरे तंतू डोळ्यांना दिसतात. मग सारख्या तुकड्यांना प्रायमर चिकटवून जनुकाच्या प्रती काढणारा पीसीआर लावायचा, मधली अक्षरं वाचायची आणि नोंदलेल्या जातींशी ताडायची.

हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शिवाजी आणि सहकाऱ्यांनी १९९४च्या साथीतल्या जंतूंचं सोळा-एस असंच वाचलं. २०००मध्ये निकाल छापून आला: येर्सिनिया पेस्टिस, प्लेगच. साथ ओसरून सहा वर्षं झाली होती, एवढंच!

यातही एक मेख आहे. पेस्टिसचा सख्खा भाऊ, स्यूडोट्युबरक्युलोसिस, बहुधा पोटदुखीवर भागवतो. पण दोघांचं सोळा-एस इतकं मिळतंजुळतं की नुसत्या त्यावर निवाडा देणं धोक्याचं. म्हणून हैदराबादकरांनी त्या जंतूंच्या अख्ख्या डीएनएचे ठसेही जेलवर चालवून पाहिले होते.