युद्धकालीन लष्करी बेसबॉलचे अवशेष : त्यांचा इतिहास व मोल

(१) जुने कागद जमविणाऱ्यास एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. रुमालांतून सुटलेला कागद निम्मा मुका होतो. तो कोणाच्या दप्तरांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं होता हें कळेनासें झालें, म्हणजे मजकूर शाबूत असूनहि त्याची साक्ष लंगडी पडते. हाच न्याय कागदाखेरीज इतर अवशेषांसहि लागतो, हें दाखविण्याकरितां येथें एक दूरचें उदाहरण घेतलें आहे. अमेरिकेच्या सैन्यांत दोनहि महायुद्धांच्या काळीं बेसबॉलचा खेळ छावणीछावणींत चाले. त्या वेळचे चेंडू, बॅटी, हातमोजे, गणवेश, छायाचित्रें व सामन्यांचीं पत्रकें आज तिकडील संग्राहक हौसेनें जमवितात. त्यांत अस्सल कोणतें आणि मोल कशाचें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

(२) अमेरिका पहिल्या महायुद्धांत एप्रिल १९१७ मध्यें उतरली. त्याच वर्षीं वॉशिंग्टनच्या संघाचे व्यवस्थापक क्लार्क ग्रिफिथ यांनीं सैनिकांस खेळाचें साहित्य पुरविण्यासाठीं एक निधि उभारला व लोकांकडून पंचवीस पंचवीस सेंटांची वर्गणी मागितली. फ्रान्सकडे धाडलेल्या साहित्यापैकीं कांहीं ‘कॅन्सन’ नामक जहाजाबरोबर जुलै १९१७ मध्यें जर्मन पाणबुडीनें बुडविलें. पुढें ता. ४ जुलै १९१८ रोजीं लंडन येथें स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानावर अमेरिकेचें भूदल व आरमार यांचा सामना झाला. बादशहा पंचम जॉर्ज जातीनें हजर होते. हर्ब पेनॉक याच्या चेंडूफेकीच्या बळावर आरमारानें २-१ असा जय मिळविला. बादशहांनीं सही केलेला चेंडू अध्यक्ष विल्सन यांजकडे गेला. १९२१ सालीं अधिकारपद सोडल्यावर विल्सन वॉशिंग्टनमधील ज्या घरीं राहिले, तेथेंच तो जतन झाला. त्यांच्या पत्नी एडिथ १९६१ पर्यंत त्याच घरीं होत्या आणि त्यांच्या पश्चात् त्या वास्तूचें संग्रहालय झालें. देणारा, घेणारा, प्रसंग व ठिकाण हीं चारहि येथें निश्चित आहेत. अवशेषाची परंपरा अखंड असणें म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना होय.

(३) दुसऱ्या महायुद्धाची स्थिति निराळी. ता. १५ जानेवारी १९४२ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं बेसबॉलचे प्रमुख न्यायाधीश लँडिस यांस पत्र लिहून, युद्ध चालू असतांहि हा खेळ बंद पडूं नये असें मत दिलें. तथापि खेळाडूंना लष्करी सेवेंतून सूट नव्हती. अग्रगण्य संघांतील पांचशेंहून अधिक खेळाडू सैन्यांत गेले. त्यांपैकीं एल्मर गेडियन १९४४ मध्यें फ्रान्समध्यें व हॅरी ओ’नील १९४५ मध्यें इवो जिमा बेटावर मारले गेले. सैनिकांच्या करमणुकीचें काम ‘स्पेशल सर्व्हिसेस’ या खात्याकडे होतें. त्यानें पुरविलेल्या चेंडूंवर व बॅटींवर खात्याच्या नांवाचा ठसा, आणि हातमोज्यांवर ‘यू. एस.’ किंवा ‘यू. एस. एन.’ हीं आद्याक्षरें आढळतात. हें साहित्य जगभरच्या छावण्यांसाठीं घेतलें गेल्यामुळें केवळ ठसा असलेली वस्तु दुर्मिळ नव्हे. ठशावरून सरकारी मालकी कळते. ती वस्तु कोणाच्या हातीं होती हें ठसा सांगत नाहीं. शिवाय ठसा उमटविणें ही बनावट करणाऱ्यास सर्वांत सोपी गोष्ट.

(४) म्हणून ठशापेक्षां द्रव्याची परीक्षा अधिक विश्वसनीय. शाईचेंच पहा. अमेरिकेंत बॉलपेन विक्रीस आलें तें ऑक्टोबर १९४५ च्या अखेरीस. तेव्हां १९४४ च्या सामन्याच्या चेंडूवरील सही बॉलपेननें केलेली दिसली, तर ती खेळाडूची असली तरी त्या दिवसाची नव्हे. गणवेश त्या काळीं बहुधा फलालिनीचे असत. पॉलिएस्टरचा धागा बाजारांत युद्धानंतर आला. अशा धाग्यानें शिवलेलीं अक्षरें १९४३ चीं म्हणून पुढें केलीं, तर तीं मागाहून जोडलेलीं समजावीं. अतिनील प्रकाशांत कापड निळसर पांढरें चकाकलें तर मात्र एकदम निकाल देऊं नये. कापड उजळ करणारीं अशीं द्रव्यें युद्धोत्तर काळांत प्रचारांत आलीं हें खरें, पण अस्सल सदरा पुढें नव्या साबणानें धुतला गेल्यानेंहि तसें होऊं शकतें.

(५) इतक्यानें वस्तु जुनी ठरेल, पण इतिहास हातीं येईलच असें नाहीं. सप्टेंबर १९४५ चें उदाहरण घ्या. जेथें नाझी पक्षाचे मेळावे भरत त्या न्यूरेंबर्ग शहरीं युरोपांतील अमेरिकन सैन्याची अंतिम स्पर्धा झाली. फ्रान्समधून आलेल्या ‘वाझ’ संघाचा नायक सॅम नाहेम यानें लिऑन डे व विलर्ड ब्राउन या दोघां कृष्णवर्णीय खेळाडूंस आपल्या संघांत घेतलें होतें. त्या संघानें नामांकित व्यावसायिक खेळाडू असलेल्या ७१ व्या डिव्हिजनच्या संघास पांचापैकीं तीन सामन्यांत हरविलें. त्या वेळीं सैन्यांत वर्णभेद रूढ होता. तो मोडण्याचा आदेश अध्यक्ष ट्रूमन यांनीं जुलै १९४८ मध्यें काढला. अग्रगण्य संघांतून जॅकी रॉबिन्सन प्रथम खेळला तो एप्रिल १९४७ मध्यें. अशा घटनेची साक्ष एकट्या सदऱ्यांतून मिळत नाहीं. सदऱ्यासोबत सैनिकानें घरीं धाडलेलें पत्र, मागें नांवें लिहिलेलें छायाचित्र आणि पेन्सिलीनें भरलेलें सामन्याचें पत्रक असेल, तरच काळे व गोरे एका पंक्तीस केव्हां व कोठें उभे राहिले हें सिद्ध करतां येतें.

(६) आणि नेमकें हेंच विक्रींत नष्ट होतें. सैनिकाच्या पश्चात् त्याची पेटी व्यापाऱ्याकडे गेली, कीं सदरा एकास, छायाचित्रें दुसऱ्यास, पत्रें तिसऱ्यास विकलीं जातात, कारण सुटे भाग विकून अधिक पैसा मिळतो. निनांवी सदरा स्वस्त आणि नांव सिद्ध झालेला महाग, हा बाजारचा नियम असूनहि नांव सिद्ध करणारे कागदच आधीं वेगळे केले जातात. आपल्याकडे दप्तरें फुटून जी हानि झाली, तिच्याहून ही वेगळी नाहीं.

(७) हा विषय आपणांस सर्वथा परका नाहीं. प्रसिद्ध फटकेबाज हँक ग्रीनबर्ग १९४४ मध्यें बंगालमधील खरगपूर येथें ठाणें असलेल्या बाँबफेकी विमानदळांत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस पॉल वेनर, डिक्सी वॉकर व ल्यूक सेवेल हे खेळाडू हिंदुस्थान-ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैनिकांच्या भेटीस आले होते. त्या काळचें एखादें छायाचित्र वा हातमोजा आपल्या वाचकांपैकीं कोणास आढळल्यास त्यांनीं प्रथम तो कोठें, कोणाकडून व कोणत्या वस्तूंसोबत मिळाला याचें टिपण करावें, आणि सोबतचा चिठोराहि दूर करूं नये. वस्तूचें मोल पुढें कोणीहि ठरवील. तिची सोबत एकदां सुटली म्हणजे पुन्हां जुळविणें कोणाच्याहि हातीं राहत नाहीं.