कलम 8 चे कुळ

नागरिकत्व नसलेला म्हटले की आपल्याला घुसखोर नाहीतर निर्वासित आठवतो. 1954 च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या व्याख्येत मात्र सीमा ओलांडण्याचा उल्लेखही नाही. कोणतेच राज्य आपल्या कायद्याने ज्याला आपला मानत नाही, तो नागरिकत्वहीन. घर न सोडताही माणूस या व्याख्येच्या काठावर कसा पोचतो, ते राजपुरी खाडीवरच्या दिघीत दिसते. इंग्रजी अमलात दिघी जंजिरा संस्थानात. सावित्री नदीपलीकडचे बाणकोट इंग्रजांचे. म्हणून बाणकोटात जन्मलेला खलाशी ब्रिटिश प्रजाजन, तर दिघीचा नुसता ‘ब्रिटिश-संरक्षित’, म्हणजे इंग्रजी कायद्याच्या लेखी परकाच! तो जंजिऱ्याच्या नवाबाची प्रजा होता ना, असे कोणी म्हणेल. होता, पण संस्थानांचे परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती असल्याने ते प्रजापण पूर्व आफ्रिकेतल्या मोंबासाच्या धक्क्यावर चालणारे नव्हते. आणि 15 ऑगस्ट 1947 ला ब्रिटिश अधिसत्ता संपली, तसे त्या संरक्षणाचे मूळच तुटले.

1948 मध्ये जंजिरा मुंबई प्रांतात विलीन झाले. गावात राहिलेल्यांना 26 जानेवारी 1950 ला घटनेच्या कलम 5 ने नागरिक केले. खरा पेच परदेशी स्थायिक झालेल्यांचा, कारण कलम 5 ला भारतात अधिवास लागतो. त्यांच्यासाठी कलम 8 आले: स्वतः, आईवडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी 1935 च्या भारत सरकार कायद्यातल्या ‘भारतात’ जन्मलेले असावे. गंमत अशी, की त्या कायद्यातला ‘भारत’ म्हणजे मुख्यतः ब्रिटिश मुलूख अधिक ब्रिटिश राजाच्या अधिसत्तेखालची संस्थाने. आणि ही व्याख्या थेट 1889 च्या इंग्रजी कायद्यातून उतरलेली. संस्थानिकांवर हुकमत ठसवणारे शब्द त्यांच्याच रयतेच्या नातवंडांना उपयोगी पडले. घटनेने 1935 चाच कायदा का घेतला? फाळणीमुळे लाहोर-कराचीचे जन्म धरायचे होते म्हणून, असे याचे सरळ उत्तर दिले जाते. ते खरे असावे, पण अर्धेच. तेवढ्यासाठी ‘ब्रिटिश इंडिया’ ही त्याच कायद्यातली अरुंद संज्ञा पुरली असती; ती घेतली असती तर दिघीचा नातू बाहेर आणि बाणकोटचा आत, असे झाले असते. मसुदा करणाऱ्यांपुढे कोकणची खाडी नसेलही, संस्थानी प्रजा नक्की असणार, असा माझा तर्क आहे.

तरीही रक्ताच्या नात्याने नागरिकत्व आपोआप मिळते, हा समज इथे टिकत नाही. भारतीय वकिलातीत अर्ज करून नोंदणी करावी लागे. ज्याने अर्ज केला नाही, त्याला कलम 8 ने काहीच दिले नाही.