स्वप्नोपदेश आणि कालनिर्णय

मराठी संतचरित्रांच्या अभ्यासांत स्वप्नाचा विषय बहुधा दोन प्रकारें हाताळला जातो. भाविक चरित्रकार स्वप्नास साक्षात्कार म्हणून पुढें जातात. चिकित्सक त्यास दंतकथा म्हणून बाजूस सारतात. उभय पक्षीं मूळ लेख बारकाईनें वाचावयाचा राहून जातो. स्वप्नांत काय घडलें हा इतिहासाचा विषय नव्हे. परंतु अमुक व्यक्तीनें अमुक दिवशीं आपणांस स्वप्नांत गुरूपदेश झाल्याचें स्वमुखें सांगितलें, ही गोष्ट निःसंशय इतिहासाची आहे. या दृष्टीनें तुकोबा व बहिणाबाई यांच्या निवेदनांचा येथें विचार कर्तव्य आहे.

प्रथम शास्त्रकारांचें मत पाहूं. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादाचा आरंभच स्वप्नविचारानें होतो. स्वप्नसृष्टि मायामात्र ठरविल्यावर सूत्रकार लगेच ती शुभाशुभाची सूचक असल्याचें मान्य करतात. योगसूत्रांच्या पहिल्या पादांत चित्तस्थैर्याच्या उपायांमध्यें स्वप्नज्ञानाचें आलंबन गणलें आहे. चरकसंहिता मात्र अधिक सावध आहे. तिच्या इंद्रियस्थानांत दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे स्वप्नाचे सात प्रकार सांगून त्यांतील पहिले पांच निष्फल म्हटले आहेत. म्हणजे जें ऐकलें व मनानें मागितलें, तेंच स्वप्नांत आलें, तर त्यावरून वैद्यानें भविष्य वर्तवूं नये. ही कसोटी पुढें उपयोगी पडेल.

तुकोबांनीं आपल्या गुरूपदेशाचें वर्णन एका अभंगांत केलें आहे. गंगास्नानास जातां वाटेंत सद्गुरु भेटले, त्यांनीं मस्तकीं हात ठेविला, राघवचैतन्य व केशवचैतन्य अशी परंपरा सांगून आपलें नांव बाबाजी सांगितलें, आणि ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गुरूंनीं भोजनास पावशेर तूप मागितलें, पण स्वप्नांत त्याचें विस्मरण पडलें, असेंही तुकोबा सांगतात. आमच्या मतें या अभंगाच्या खरेपणाची मोठी खूण हें तूपच होय. शिष्याचा मोठेपणा वाढविण्यासाठीं मागाहून रचलेल्या कथेंत गुरूची मागणी अपुरी राहिल्याचा तपशील कोणी घालीत नाहीं.

या अभंगांत शक दिलेला नाहीं. एखाद्या तिथीस ठराविक वार सरासरीनें सात वर्षांतून एकदां येतो. म्हणून केवळ तिथिवारावरून वर्ष निश्चित होत नाहीं. संशोधकांनीं निरनिराळे शक सुचविले याचें मूळ येथें आहे. ओतूर येथें बाबाजींची समाधि दाखवितात, ती परंपरेप्रमाणें तुकोबांच्या जन्मापूर्वींची आहे. ती परंपरा खरी धरल्यास प्रत्यक्ष भेटीचा प्रश्नच उरत नाहीं. स्वप्न हाच गुरुशिष्यांमधील एकमेव मार्ग होता.

बहिणाबाईंचें प्रकरण याहून भिन्न आहे. वेरूळजवळच्या देवगांवीं जन्मलेली ही ब्राह्मणकन्या पतीसह कोल्हापुरीं आली असतां जयरामस्वामींच्या कीर्तनांत तिनें तुकोबांचे अभंग ऐकले, व तिला त्यांच्या दर्शनाचा ध्यास लागला. पुढें कार्तिक वद्य पंचमी, रविवारीं तुकोबांनीं स्वप्नांत येऊन उपदेश केला. याचा शक १५६९ दिला जातो. गणित करून पाहतां शके १५६९ ची कार्तिक वद्य पंचमी रविवारींच येते. इंग्रजी तारीख नव्या गणनेनें १७ नोव्हेंबर १६४७. असा मेळ योगायोगानेंही सातांत एकदां बसूं शकतो, म्हणून हें प्रमाण निर्णायक नव्हे. तथापि पोषक खचित आहे. तुकोबांचें प्रयाण शके १५७० च्या फाल्गुनांत कीं १५७१ च्या, असा वाद आहे. कोणताही पक्ष स्वीकारला तरी त्या दिवशीं तुकोबा विद्यमान होते. येथें गुरु जिवंत आहे, आणि तरीही उपदेश स्वप्नांतच झाला आहे.

असें कां व्हावें? ब्राह्मण स्त्रीनें शूद्र गणल्या गेलेल्या पुरुषास गुरु करणें त्या काळीं किती कठीण होतें, हें तिच्या पतीच्या संतापावरून दिसतें. प्रत्यक्ष दीक्षेस प्रवास, पतीची अनुज्ञा व समाजाची संमति लागती. स्वप्नास यांपैकीं कशाचीच अपेक्षा नव्हती. तुकोबांचीही स्थिति कांहींशी अशीच होती. नामदेवांनीं विठ्ठलासह स्वप्नांत येऊन कवित्वाची आज्ञा केल्याचें ते सांगतात. आणि त्याच कवित्वाच्या अधिकाराविषयीं पुढें वाघोलीच्या रामेश्वरभटांनीं आक्षेप घेतला. ज्यांना अधिकार देण्यास कोणी सिद्ध नव्हतें, त्यांना तो स्वप्नानें दिला. पुढें ताहराबादच्या महिपतींनींही संतचरित्रें लिहिण्याची प्रेरणा स्वप्नांत तुकोबांकडून मिळाल्याचें मानलें. त्यांचा ‘भक्तविजय’ शके १६८४ त, म्हणजे इ. स. १७६२ त पूर्ण झाला.

चरकाच्या कसोटीनें बहिणाबाईंचें स्वप्न श्रुत व प्रार्थित, म्हणून निष्फल ठरेल. परंतु त्या स्वप्नानंतर हें कुटुंब देहूस गेलें, आणि मराठींत एका स्त्रीचें आत्मचरित्र व अभंगगाथा निर्माण झाली. वैद्याच्या लेखीं जें निष्फल, तें इतिहासाच्या लेखीं सफल झालें.

पोथ्यांचे संग्राहक यांस एक विनंति आहे. आपल्याजवळील बाडांत स्वप्नाचे अभंग आढळल्यास तिथि, वार व शक यांचे पाठ जसेच्या तसे उतरून घ्यावे. लेखनिकाचा दोष वाटला तरी तो सुधारूं नये. एका अक्षरानें वार बदलतो, आणि वार बदलला कीं वर्ष बदलतें.